इनव्हिजिबल, इंक. : दबा धरून बसू न देणारा चोरीचा गेम

तिकटीवरचा

मागच्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की सायबरपंक (कंपन्यांचं राज्य असलेलं भविष्य दाखवणारे) गेम म्हणजे निऑन दिवे, धो धो पाऊस आणि रात्रभर चालणारं डाउनलोड. तिथंच उत्तर देणार होतो, पण प्रतिसाद मारुतीच्या शेपटीसारखा वाढत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

गेम जुना आहे, २०१५ सालचा. इनव्हिजिबल, इंक. बनवणारे क्लेई एंटरटेनमेंट, कॅनडातल्या व्हँकुव्हरचे. डोन्ट स्टार्व्ह यांचाच. मार्क ऑफ द निंजाही यांचाच, म्हणजे लपतछपत खेळायच्या गेमचा हात यांचा आधीच बसलेला होता. फरक एवढाच की निंजा पळता-उड्या मारता खेळायचा, हा टर्न-बेस्ड आहे. आधी तुम्ही हलायचं, मग गार्ड हलणार.

काळ २०७४. कॉर्पोरेशन्सनी सरकारांना केव्हाच बाजूला सारलंय. आपली एक छोटी हेरसंस्था, आणि गेम सुरू होतो तोच तिच्यावर धाड पडून. सेंट्रल नावाची प्रमुख बाई दोन एजंट आणि इनकॉग्निटा नावाची एआय घेऊन विमानातून कशीबशी निसटते. इनकॉग्निटाला जगायला मोठं मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य संगणक, लागतं. विमानातल्या तात्पुरत्या सोयीवर ती ७२ तास काढू शकते. तेवढ्या वेळात जगभरातल्या कंपन्यांची ऑफिसं फोडायची, पैसे, हत्यारं, हॅकिंगचे नवे प्रोग्राम आणि जमलंच तर अडकलेले जुने साथीदार गोळा करायचे आणि शेवटच्या कामगिरीला उभं राहायचं. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला अंतराप्रमाणे तास खर्ची पडतात. त्यामुळे जवळची फुटकळ तिजोरी की लांबचा तुरुंग, हा हिशेब नकाशावरच सुरू होतो.

आता मुद्द्याचं. स्टेल्थ, म्हणजे लपतछपत खेळायच्या, गेममध्ये आपण सगळे काय करतो? कोपऱ्यात बसतो. गार्ड येतो, जातो, येतो, जातो. त्याची फेरी पाठ झाली की निघतो. धीर हेच कौशल्य. या लोकांनी नेमकी तीच पळवाट बंद केली आहे. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात अलार्मचं चक्र असतं आणि ते प्रत्येक टर्नला एक घर पुढं सरकतं. तुम्हाला कोणी पाहिलं नसलं तरी सरकतं. पाच घरं भरली की सुरक्षा एका पायरीनं वर. मग नवे कॅमेरे चालू होतात, फायरवॉल (यंत्रांची संगणकी कुलपं) जाड होतात, पुढं पुढं तर खास दलाचे गार्ड थेट मागावर येतात. म्हणजे बसून राहणं हीसुद्धा एक चाल आहे आणि तिची किंमत मोजावी लागते.

आणि दुसरं, हा गेम तुमच्यापासून नियम लपवत नाही. कुठल्या घरात उभं राहिलं तर गार्डला दिसाल, कुठं अर्धवट संशय येईल, कुठल्या टेबलाआड सुरक्षित आहात, सगळं जमिनीवर रंगवून दाखवतो. दारातून डोकावायला चालीचा एक पॉइंट, गार्डचा पुढचा मार्ग ओळखायला एक पॉइंट. त्यामुळं पकडलं गेलं की गेमला शिव्या घालायची सोय उरत नाही, सगळं डोळ्यांसमोर असतं. हे मला फार आवडतं. बायको म्हणते तू गेम खेळत नाहीस, स्क्रीनकडं बघत हनुवटी खाजवतोस. खरं आहे.

कमतरता आहेत, त्यावर प्रतिसादांत लिहीन. आधी तुमचं ऐकू द्या.

पांढरा_रस्सा

पयला! वाचतोय. लॅपटॉप जुना हाय, ग्राफिक कार्ड न्हाई. चालंल का?

तिकटीवरचा

चालेल भावा. चित्रं टोकदार, कॉमिकसारखी रंगवलेली, कोन वरून तिरका. माझ्याही लॅपटॉपला कार्ड नाही. फक्त माउस जोड, टचपॅडवर जीव जाईल.

आयजीआय_२०००

आमची स्टेल्थची शाळा म्हणजे महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतलं नेट कॅफे, तासाच्या हिशेबानं. तिथं प्रोजेक्ट आयजीआय आणि कमांडोज हे दोनच धर्म होते. आयजीआयमध्ये मिशनच्या मधी सेव्हच न्हवतं. शेवटच्या टोकाला येऊन गोळी लागली की पुन्हा पयल्यापासनं, आणि कॅफेवाला बोर्डावर खडूनं वेळ लिहीत बसलेला. तवा अलार्मचं चक्र तुमच्या स्क्रीनवर हाय, आमचं भिंतीवर होतं!

तुमच्या ह्या गेममधी ऐकलंय की टर्न मागं घेता येतो. मग भीती कसली राहिली राव?

तिकटीवरचा

दादा, मागे घेता येतो, पण मोजका. रिवाइंड म्हणतात. सोप्या पातळीवर जास्त, अवघडवर कमी, आणि सगळं संपलं की संपलं. त्यात मागं जातो तो अख्खा टर्न, त्यातली एखादी चाल नव्हे. चारपैकी तीन चाली झकास झाल्या असतील तरी त्याही जातात. आणि मोहिमेच्या मधली जुनी सेव्ह उघडून साळसूदपणे बसायची सोय नाही. मला तर ही मर्यादाच गेमची शिस्त वाटते.

निगेटिव्ह_नाना

मला नाही वाटत. रिवाइंड म्हणजे डिझाइनरनीच दिलेली कबुली आहे की आमचा गेम कधी कधी अन्याय करतो. एवढं सगळं दाखवत असाल तर परत घ्यायची सोय कशाला?

सांगतो कशाला. लेव्हल हातानं बनवलेल्या नाहीत, दर वेळी संगणक खोल्या जुळवतो. कधी लिफ्टमधून बाहेर पडलं की समोरच तिजोरी आणि शेजारी बाहेर जायचं दार. कधी पहिल्याच दाराआड दोन गार्ड आणि एक कॅमेरा. दाराआड काय आहे हे डोकावल्याशिवाय कळत नाही आणि डोकावायला चार पावलं पुढं जावंच लागतं. माहिती सगळी देतो हे खरं, पण दिसतंय तेवढ्याचीच देतो. धागाकर्त्यानं हे गुळमुळीत सोडून दिलंय.

दुसरं म्हणजे चुका साठत जातात. पहिल्या दिवशी दोन चोऱ्या हलक्या गेल्या, पैसे कमी, एजंटांची कौशल्यं वाढवता आली नाहीत, चांगला प्रोग्राम मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी चिलखतवाले गार्ड येतात आणि तुमच्या हातातलं झटका द्यायचं यंत्र त्यांच्यावर चालतच नाही. म्हणजे हरलात पहिल्याच दिवशी, कळलं तिसऱ्या दिवशी. मधले दीड-दोन तास नुसती प्रेतयात्रा.

तिकटीवरचा

नाना, दुसरा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. मी कमतरतांची जी यादी करत होतो त्यात तो पहिला होता. या गेममध्ये श्रीमंत आणखी श्रीमंत होतो. गती वाढवली की जास्त खोल्या धुंडाळता येतात, जास्त खोल्या म्हणजे जास्त पैसे, जास्त पैसे म्हणजे पुन्हा गती.

पहिल्याबद्दल भांडण आहे. दाराआड दोन गार्ड निघाले तरी गार्डनं पाहिल्या पाहिल्या गोळी घातली असं होत नाही. तो बंदूक रोखतो, आणि तुम्हाला नजरेआड व्हायची एक संधी मिळते. त्या एका संधीत कोपरा गाठता येतो, दार लावून घेता येतं, जवळ असाल तर त्याला झटकाही देता येतो. नशीब वाईट असू शकतं, पण नशिबानं मेलो असं मला क्वचित वाटलं.

रात्रपाळी_उद्यमनगर

धागा छान. मी फौंड्रीत रात्रपाळी करतो, सुट्टीच्या दिवशी पहाटे खेळतो, कारण झोपच येत नाही. मेनफ्रेमबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते निम्मा गेम तिथं आहे.

स्पेसबार दाबला की खोल्यांचं चित्र बदलतं आणि इनकॉग्निटाच्या नजरेतून इमारत दिसते. कॅमेरा, तिजोरी, ड्रोन, लेसर, प्रत्येकाभोवती फायरवॉलचा आकडा. तो फोडायला वीज लागते, वीज मिळते ऑफिसातल्या कन्सोलमधून, आणि कन्सोलपर्यंत माणूसच चालत जायला लागतो. म्हणजे हॅकिंग हवेत होत नाही. एकानं जीव धोक्यात घालून बटण दाबायचं, तेव्हा दुसऱ्यासाठी दार उघडणार. त्यात काही यंत्रांवर डेमन, म्हणजे छुपे सापळे, दडलेले असतात. फायरवॉल फोडली की डेमन सुटतो आणि काहीतरी खोड काढतो.

पॅरासाइट नावाचा प्रोग्राम मला सगळ्यात आवडतो. स्वस्त, पण सावकाश. लावून सोडायचा, तो दर टर्नला एकेक पापुद्रा सोलत राहतो. घाई असेल तर कामाचा नाही, आणि या गेममध्ये घाई नेहमीच असते. आता हा लावायचा पहिल्या टर्नला की वीज राखून ठेवायची, यावर मी एकदा चहा गार होईपर्यंत बसलो होतो.

सुरुवातीला इंटरनॅशनेल ही एजंट घ्या. तिला भिंतीपलीकडची यंत्रं कळतात आणि लांबूनच वीज काढता येते. नव्या माणसाला तिच्यासारखा आधार नाही.

आता एक प्रसंग, म्हणजे या गेमची चव कळेल. तिजोरीच्या खोलीत डेकर हा दुसरा एजंट, बाहेर बोळात इंटरनॅशनेल. डेकरनं गार्ड झोपवला. झोपलेला गार्ड दोन टर्नांत उठतो आणि उठला की मग फेरी-बिरी विसरून शोधतच सुटतो. पण त्याच्या अंगावर उभं राहिलं तर उठू शकत नाही. मग काय, डेकर उभा. पण डेकर उभा म्हणजे डेकर अडकला. तिजोरी चार घरांवर, हात पोचत नाही. इंटरनॅशनेलला आत आणायची तर बोळातला कॅमेरा. कॅमेरा फोडला तर तिजोरीला वीज उरत नाही. आणि चक्र एक घर पुढं. शेवटी गार्डला ओढत तिजोरीपाशी नेला! ओढताना चाल मंद होते, म्हणून आणखी एक टर्न गेला, तोवर बाहेर नवा गार्ड आला. एका झोपलेल्या माणसापायी एवढी रामायणं. गोळीबाराच्या गेममध्ये हे मिळत नाही.

पांढरा_रस्सा

"डेकर उभा म्हणजे डेकर अडकला" 😂 लई भारी. डाउनलोडला लावला.

सायबरताई

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता थोडा विरोध, धागाकर्त्याला नव्हे, पण या गेमविषयी सगळीकडे जे बोललं जातं त्याला. लोक म्हणतात की खेळ उत्तम, गोष्ट पातळ. सुरुवातीला एक चित्रफीत, शेवटी एक, मध्ये सेंट्रलची थोडी बडबड. पात्रांची चित्रं इतकी देखणी आणि त्यांना बोलायला मात्र चार वाक्यं. हे खरंच आहे, मलाही निका या एजंटबद्दल आणखी कळायला हवं होतं.

पण सायबरपंक कशाला म्हणायचं? निऑनला? या गेममध्ये प्रत्येक गोष्टीला दर आहे. डोकावण्याला पॉइंट, दाराला वीज, प्रवासाला तास, एजंटला शिकवायला पैसे. बंदूक महाग, गोळ्या मोजक्या, वर काही गार्डांच्या हृदयाला मॉनिटर लावलेला, तो थांबला की अलार्म. म्हणजे गार्ड मेला याचं कंपनीला दुःख नाही, तिच्यासाठी ती फक्त एक सूचना आहे. आणि आपण तरी कोण? आपणही एक कंपनीच. नावातच आहे. मोठ्यांना लुटून जगणारी छोटी. आपला माणूस आत अडकला तर त्याला सोडून लिफ्टमध्ये शिरायचं की नाही, हे बटण गेम तुमच्या हातात देतो आणि गप्प बसतो. मी एकदा शार्प या एजंटला सोडून आले. कोणी काही बोललं नाही, पडद्यावर फक्त हिशेब आला. माझ्या मते गोष्ट तिथं आहे.

निगेटिव्ह_नाना

ताई, हे तुम्ही सुंदर लिहिलंत, पण ते तुम्ही लिहिलंत. गेमनं नाही लिहिलं. हिशेबाचा पडदा प्रत्येक गेममध्ये असतो.

सायबरताई

असतो ना. पण सोडून आलेला माणूस पुढे एखाद्या तुरुंगात सापडू शकतो, हे प्रत्येक गेममध्ये नसतं. मी सहा तासांचा प्रवास जास्तीचा केला त्यासाठी.

निगेटिव्ह_नाना

हं. हा एक गुण दिला.

पन्हाळकर

प्रतिसाद वाचून राहवलं नाही. धागाकर्त्यानं अलार्मचं लिहिलंय ते वाचताना मला १६६० चा पन्हाळाच आठवला. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून आषाढातल्या रात्री महाराज निसटले, त्यात वेढ्यातून न दिसता बाहेर पडणं हे निम्मंच काम होतं. मागावर घोडदळ यायच्या आत विशाळगड गाठणं हे उरलेलं. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत महाराज बनून बसले ते शत्रूला फसवायला, पण फसवून मिळवायचा होता तो वेळ. खिंडीत बाजीप्रभूंनी लढून मिळवला तोही वेळच. लपणं आणि वेळ वेगळे काढता येत नाहीत, हे त्या रात्री चाललेल्या प्रत्येकाला माहीत असणार. बाकीचे गेम हे विसरतात. एवढंच म्हणायचं होतं, धाग्याचा इतिहास-विभाग करायचा नाही.

तिकटीवरचा

पन्हाळकर, पुढचे दोन परिच्छेद मी लिहिणार होतो ते तुम्ही चार ओळींत उरकलेत. 🙏

आयजीआय_२०००

जय शिवराय. आता मला खेळायलाच लागतंय.

कळंबा_कॉर्नर

कोणाकडं क्रॅक केलेला आहे का? पेनड्राइव्हवर द्या की. मिसळ माझ्याकडून.

संपादक_मंडळ

असे प्रतिसाद उडवले जातील. स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये हा गेम बऱ्याचदा स्वस्तात मिळतो. मिसळीचे पैसे तिकडे वळवावेत.

गनपॉइंटवाला

सायबरपंक चोरी म्हटल्यावर गनपॉइंटचं नाव कोणी घेतलं नाही? २०१३ चा, टॉम फ्रान्सिसचा. हा माणूस आधी गेमांवर लिहिणारा पत्रकार होता, मग स्वतःच करून बसला. त्यात इमारतीतली वायरिंग आपल्याला हवी तशी बदलता येते. दिव्याचं बटण दाराला जोड, गार्ड दिवा लावायला गेला की दार उघडतं. दोन-तीन संध्याकाळींत संपतो आणि संपेपर्यंत हसवतो.

इनव्हिजिबल, इंक. मी दोनदा सुरू केला आणि सोडला. विनोद शून्य. आणि खरं सांगू, कंटाळा येतो, कारण ऑफिसं सारखीच दिसतात. कंपन्या चार, प्रत्येकीचा रंग वेगळा, सांकाकूकडं ड्रोन जास्त वगैरे फरक आहेत, पण खोली ती खोलीच. तेच टेबल, तीच कुंडी, तोच सोफा. हातानं बनवलेली एखादी इमारत कायमची लक्षात राहते. इथली एकही खोली मला आठवत नाही.

तिकटीवरचा

गनपॉइंट भारीच आहे, वाद नाही. आणि तुमचा खोल्यांचा मुद्दा ही माझी दुसरी कमतरता. मला पण एकही खोली आठवत नाही. मला अडचणी आठवतात. रात्रपाळीवाल्यांना ती तिजोरीची खोली कुठल्या रंगाची होती विचारा, सांगता येणार नाही. पण डेकर कुठं उभा होता ते घरासकट सांगतील. ज्याला जागा आवडतात त्यानं हा घेऊ नये, ज्याला कोडी आवडतात त्यानं घ्यावा, असं मी सांगेन.

तिसरी कमतरता किरकोळ पण रोजची आहे. कोन तिरका असल्यानं भिंतीमागचं झाकलं जातं आणि सारखं दृश्य फिरवत बसावं लागतं. टर्नची घाई नसते, कारण घड्याळ खरं चालत नसतं, पण मान आपसूक वाकडी होते.

चौथी, शिकवणं. पहिली कामगिरी हात धरून नेते, दुसरीपासून सोडून देते. कव्हर (आडोसा) नेमकं कुठल्या बाजूनं लागू पडतं, संशय आलेला गार्ड कुठवर येऊन बघतो, हे मार खाऊनच कळतं. नवे खेळाडू इथंच गेम सोडत असावेत.

रात्रपाळी_उद्यमनगर

रंग निळा होता.

(नक्की नाही.)

निगेटिव्ह_नाना

लांबीबद्दलही लिहा. एक मोहीम चार-सहा तासांत आटोपते.

सायबरताई

ती कमतरता कशी? संपली की नवे एजंट आणि प्रोग्राम उघडतात, पुन्हा वेगळी जोडी घेऊन बसा. हरलं तरी थोडं काही मिळतंच. प्रिझम आणि शालेम ११ हे एजंट घेऊन खेळलात तर दुसराच गेम आहे. ती वेष बदलून गार्डांच्या समोरून जाते, तो लांबून बंदूक चालवतो. नोकरी-घर सांभाळून चार तासांत शेवट बघायला मिळतो ही तर चैन आहे.

निगेटिव्ह_नाना

शेवट बघितलात म्हणून विचारतो, पटला का? नावं न घेता.

सायबरताई

नावं न घेता: हो. आपण ७२ तास कोणाला वाचवत होतो, हा प्रश्न शेवटी उलटतो. त्या एका वळणासाठी पातळ गोष्टीचे सगळे गुन्हे माफ. याहून जास्त लिहिलं तर पांढरा_रस्सा मला मिसळ देणार नाहीत.

पांढरा_रस्सा

ताई, मिसळ कळंबावाल्याची. म्या खेळालोय. पयल्या मोहिमेत दोघंबी गारद. 😭 त्यो गार्ड माझ्याकडं बगत न्हवता, तरी दिसलो कसा?

रात्रपाळी_उद्यमनगर

टेबलाच्या कुठल्या बाजूला होतास? टेबल तुझ्या आणि गार्डच्या मधी पाहिजे. तो फिरून त्याच बाजूला आला की टेबलाचा उपयोग संपला. आणि सोप्या पातळीवर घे की लेका. त्यात रिवाइंड जास्त मिळतात, लाज कसली? सेटिंगमध्ये एकेक गोष्ट वेगळी कमी-जास्तही करता येते.

पांढरा_रस्सा

टेबल माझ्या मागं होतं. 🤦

आयजीआय_२०००

घेतला सेलमधनं. कंटिंजन्सी प्लॅन म्हणून जोड दिसते हाय, ती पण आत्ताच घिऊ का?

तिकटीवरचा

नको दादा, आत्ता नको. ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. तिनं मोहीम लांबते, नवे एजंट आणि नव्या कटकटी येतात. मूळ ७२ तास एकदा तरी जिंकून घ्या, मग लावा. लांबलेली मोहीम म्हणजे नानांनी सांगितलेली ती प्रेतयात्रासुद्धा लांबते. आणि सुरुवातीला डेकर-इंटरनॅशनेल हीच जोडी ठेवा, पॅरासाइट पहिल्या टर्नलाच तिजोरीला लावा.

रात्रपाळी_उद्यमनगर

पहिल्या टर्नला तिजोरी दिसते तरी का? कॅमेऱ्याला लावा.

तिकटीवरचा

दिसत असेल तर तिजोरीला.

रात्रपाळी_उद्यमनगर

कॅमेऱ्याला.